पांढरं प्रवाळ

नवरा गेल्यापासून पेणच्या शालनने ब्रश हातात धरला नव्हता. तो गणपती घडवायचा, ती रंगवायची; डोळ्यांची आखणी तर फक्त तिचीच. आता कारखान्यात कच्च्या मूर्ती पांढऱ्याफटक उभ्या होत्या, आणि दीर म्हणत होता, "वहिनी, तुम्हाला आता नाय जमायचं. तशाच देऊन टाकू दुसऱ्या कारखान्याला."

"द्या," ती म्हणाली होती.

लेक ऋजुताने तिला ओढूनच अंदमानला नेलं. तोंडावर काचेचा मुखवटा चढवला, श्वासाची नळी दातांत दिली. "गो आई, खाली बघ, काय रंग हाय एकेकाचा!"

शालनने पाण्यात तोंड घातलं. निळे मासे आले, पिवळे मासे गेले, जांभळी झुडपं डुलली. तिच्या आत मात्र काही हललं नाही. मग एका खडकावर प्रवाळ दिसलं, अख्खं पांढरं. तिथे ती थांबली, ती लेकीने हात ओढेपर्यंत.

वर येऊन तिने गाइडला विचारलं, "वो सफेदवाला... मर गया?"

"नहीं माँजी, जिंदा है." पाणी फार तापलं की ते अंगचा रंग टाकून देतं, त्याने सांगितलं, पाणी वेळेत निवलं, तर रंग पुन्हा धरतं.

होडीत ऋजुताने तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. "बरं वाटलं का गो, आई?"

"नाय."



मग होडी किनाऱ्याला लागताना ती म्हणाली, "काकाला फोन लाव. म्हणावं, मूर्ती हलवू नको. आखणी मी करीन."