गादीवाल्याची पुडी

"मांजर विकलं जाणार की नाही, एवढंच सांग," धाकटा म्हणाला. "हो की नाही."

ताईने आधी तपासणीच्या खोलीचं दार लोटलं, मग त्याच्यासाठी खुर्ची ओढली. तो बसला नाही.

मांजर म्हणजे तीन पायांचं मांजर. छपरांवरून लंगडत उड्या मारणाऱ्या या मांजराच्या व्हिडिओ गेमने कंपनीला नाव मिळवून दिलं होतं आणि त्या नावावर कितीतरी घरं चालत होती. धाकटा मांजर रंगवायचा. ताई प्रत्येक नवा गेम बाजारात जाण्याआधी खेळून त्यातल्या चुका शोधायची. चूक सापडून भागत नसे. ती आली कुठून, याचा माग लागेपर्यंत बाईंना घास गोड लागत नसे. ऑफिसात सगळे तिला 'चाळणी' म्हणत, तोंडावरसुद्धा. तिला ते आवडायचं.

गेले काही आठवडे एकच वावडी होती: मालक मांजर विकणार. जो तो खरंखोटं विचारायला चाळणीकडे यायचा.

धाकट्याचं विचारणं मात्र वेगळं होतं. दुसऱ्या एका कंपनीने त्याला बोलावलं होतं. पगार थोडा कमी, शहर लांबचं, पण नोकरी पक्की. होकार आज दुपारपर्यंत कळवायचा होता. घरी बायकोला सातवा महिना लागला होता.

"विकलं तर पहिली कुऱ्हाड आम्हा चित्रवाल्यांवर," तो म्हणाला. "उगाच धीर देऊ नकोस."

"मी धीर देत नाही. तपासते. तुला कोण म्हणालं विकणार म्हणून?"

"सगळेच म्हणतात. गेमला आवाज देणारा, खाली दाराशी बसणारी, माझे सासरेसुद्धा. त्यांना त्यांच्या न्हाव्याने सांगितलं."

"आणि घेणार कोण?"

"आपल्या शहरातला तो गाद्यांचा कारखानदार. मांजर उशांवर छापणार म्हणे."

ताईला हसू आवरेना. बऱ्याच दिवसांत ती अशी हसली नव्हती.

"अरे वेड्या, तो गादीवाला मी सोडलाय!"

धाकटा आता बसला.

झालं होतं असं. वावडी उठली तेव्हा ताईने तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं. कंपनीच्या हिशेबनिसाच्या तोंडात तीळ भिजत नसे. चहा घेताना ती त्याच्या कानाला लागली आणि हळूच एक पुडी सोडली: गादीवाला घेतोय म्हणे, कोणाला सांगू नका. गादीवालाच का, तर त्या सकाळी उठताना तिची मान आखडली होती आणि गादीच्या नावाने ती शंख करत होती. दुसरं काही कारण नव्हतं.

"आता बघ," ती म्हणाली. "विक्रीचं खरोखर काही चाललं असतं, तर खरं गिऱ्हाईक कोणाला तरी ठाऊक असतं. तो म्हणाला असता, छे छे, गादीवाला कुठला, अमुक घेतोय. पण कोणी तोंड उघडलं? सगळे माझीच पुडी तिखटमीठ लावून मलाच परत देतायत. उशांचं तर मी बोललेही नव्हते. म्हणजे या कानाकडून त्या कानाकडे नुसती हवा."

"मग परवा खुर्च्या मोजायला आलेली माणसं?"

"विमावाले. मी खाली विचारून घेतलं."

"आणि मालकांच्या खोलीबाहेर बसलेला तो म्हातारा? सोफ्यावर बसण्याआधी मुठीने दाबून बघत होता."

"कंबर दुखत असेल बिचाऱ्याची. तू आता सावलीलाही घाबरायला लागलास."

धाकट्याने तोंडावरून हात फिरवला. टेबलावर त्याचा फोन थरथरला. त्याच लोकांचा होता.

ताईने फोनकडे पाहिलं. आई गेल्यापासून त्याचं सगळं तिनेच केलं होतं. शाळा कोणती इथपासून मुलगी कोणती इथपर्यंत तो तिच्या शब्दाबाहेर गेला नव्हता. तिने मनातल्या मनात सगळं पुन्हा एकदा पडताळून पाहिलं. कुठे फट दिसेना. तो लांबच्या शहरात जाऊ नये असंही तिला वाटत होतं, फार वाटत होतं, पण ते तिने या हिशेबात धरलं नव्हतं. निदान तिची तशी समजूत होती.

"ताई, नक्की ना?"

"नक्की. लिहून देऊ?"

त्याने फोन उचलला. आभार मानले, अडचण सांगितली, नाही म्हणाला.

"बायकोला सांगतो," तो म्हणाला. "तिचा जीव भांड्यात पडेल. तिला इथून हलायचंच नव्हतं."

तेवढ्यात सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावल्याचा निरोप आला.

मालक उभे होते. शेजारी तोच म्हातारा, पांढरा शर्ट, चेहऱ्यावर लग्नघरातल्यासारखा आनंद. मालकांनी कोणाच्याच डोळ्यांत बघितलं नाही.

"मांजर आजपासून यांचं," ते म्हणाले. "नाव आणि मांजर, दोन्ही. पुढचे गेम आणि चित्रं ते बाहेरून करून घेतील. तुम्हा सगळ्यांची नोकरी महिनाअखेरपर्यंतच."

धाकटा वळून ताईकडे बघत राहिला. ताईला मालकांकडेच बघत राहणं भाग होतं.

म्हाताऱ्याने हात जोडले. "वाईट वाटून घेऊ नका मंडळी," तो म्हणाला. "खरं सांगतो, मांजर घ्यायचं आमच्या स्वप्नातही नव्हतं आणि यांच्या मनात विकायचं नव्हतं. पण आमच्या गाद्यांच्या कारखान्यात महिनाभर जो तो येऊन माझं अभिनंदन करायला लागला, तेव्हा म्हटलं, एवढे लोक म्हणतायत तर विचारून तरी बघू."