धावदोरा

पेटीपाशी मास्तर थबकले आणि त्यांची बायको दोन पावलं मागेच थांबली.

दवाखान्याच्या गच्चीवर, कमरेइतक्या उंच लाकडी पेटीत मुळा उगवला होता. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. चाळीस वर्षं कोट शिवलेला उजवा हात अर्धांगाच्या झटक्यानं लुळा पडला, तेव्हा त्याला व्यायाम म्हणून दवाखान्याच्या बागेच्या बाईंनी त्याच हातानं बी पेरायला लावलं. पेरलं कसलं, सांडलंच! "हे उगवलं नाही तर मी पुन्हा यायचा नाही," मास्तरांनी तेव्हाच निक्षून सांगितलं. एकदा नाही म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. म्हणून ते हात धुवायला गेले तेवढ्यात बायकोनं उरलेल्या बियांची एक ओळ घाईघाईनं पेरून टाकली होती.

ती ओळ आता सरळ उभी होती. आणि कोपऱ्यात एका जागी झुंबड, मग टक्कल, मग पुन्हा चार रोपं. म्हणजे मास्तरांचंही उगवलं होतं! कशाला हा नसता शहाणपणा केला मी, असं तिला झालं.

"बघा, किती छान आलंय," बाई म्हणाल्या.

मास्तर ओळीवर वाकले. डाव्या हाताच्या बोटांनी दोन रोपांमधलं अंतर मोजत शेवटपर्यंत गेले.

"हा टाका माझा नाही."

"अहो, कुणाचं का असेना, उगवलं ना?" बायको घाईनं म्हणाली.

"तुझा धावदोरा आहे हा. सुरुवातीला जवळजवळ, मग कंटाळून लांबलांब."

तिला रडूच आलं. "तुम्ही यायचं सोडलं असतं हो. मला दुसरं काही सुचलं नाही."

मास्तर पुन्हा ओळीकडे वळले. मग म्हणाले, "ओळ उसवायला हवी."

तिनं निमूटपणे हात पुढे केला.

"तू नाही. मी."

डावा हात त्यांनी मुद्दाम खिशात घातला. उजवा हळूहळू वर आला. रोप चिमटीत आलं, निसटलं. पुन्हा आलं, पुन्हा निसटलं. बाई मदतीला सरसावल्या, तर बायकोनंच त्यांना अडवलं. तिसऱ्या खेपेला रोप मुळासकट वर आलं.

मास्तरांना घाम फुटला होता. "दुकानात नवा माणूस आला, की सहा महिने त्याला नुसतं उसवायलाच देतो मी," ते म्हणाले. "सुई मागाहून."

त्यांनी ओळीत उरलेल्या रोपांवरून नजर फिरवली.

"आज एवढंच. बाकीची उद्या."