दोन खिडक्यांची खोली

व्हरांड्यात काठी आपटू लागली, तशी आफ्केनं चित्स्केच्या केसांतला कंगवा काढला, टुणकन उडी मारून खिडकीजवळची खुर्ची गाठली आणि विणकाम हाती घेतलं. एक्क्याऐंशीव्या वर्षी टुणकन म्हणजे जेवढं जमेल तेवढं टुणकन.

ठक्. ठक्. ठक्. म्हातारी हिल्त्ये चालायची कमी आणि वाजवायची जास्त. दाराशी येऊन तिनं आणखी दोनदा काठी हाणली, घसा खाकरला आणि मग कुठे आत आली.

"काय मावसबहिणींनो, गप्पा रंगल्यात वाटतं?"

"विणतेय मी," आफ्के म्हणाली.

"सुया उलट्या धरून?" हिल्त्येनं चष्म्यावरून पाहिलं. "चित्स्के, उद्या दुपारी दिवाणखान्यात तुझा वाढदिवस. खुर्च्या गोल मांडायला सांगितल्यात. आणि प्रत्येकानं आपापली बशी सांभाळायची. मागच्या खेपेला मी हात धुवायला उठले, तर त्या म्हाताऱ्या शूर्डनं माझा केक गिळला."

काठी वाजत वाजत लांब गेली.

"गस्त घालते मेली," आफ्के पुटपुटली. "एक दिवस पकडणार ही आपल्याला."

मावसबहिणींचं सोंग आफ्केचंच. आधीच्या वृद्धाश्रमात दोघींनी खरं सांगून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावरच्या बायकांनी आपापल्या बशा उचलल्या आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन बसल्या. चित्स्के हसली होती. आफ्केला कित्येक दिवस घास उतरला नव्हता. म्हणून इथं, फ्रीसलंड प्रांताच्या समुद्रकाठी, त्या मावसबहिणी होऊनच आल्या, दोन मजल्यांवर दोन खोल्या घेऊन. कचेरीतल्या बाईंनी कागदावर 'विवाहित' वाचलं आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगाल तेव्हाच. तोवर माझ्या तोंडाला कुलूप."

चित्स्के कायद्याचे उपकार मानणारी होती. दोन बायकांच्या लग्नाला परवानगी नव्हती त्या काळात आफ्केचं ऑपरेशन झालं, तेव्हा 'तुम्ही कोण?' म्हणून हिला रात्रभर जिन्यात बसवलं होतं. लग्नानंतर पुन्हा दवाखाना पाहायची वेळ आली, तर डॉक्टर स्वतः खुर्ची ओढून म्हणाला, "बसा, तुम्ही बायको ना? सही तुमचीच हवी." त्या एका खुर्चीपायी कोण कोण भर थंडीत रस्त्यावर उभं राहिलं, कुणी शिव्या खाल्ल्या, कुणाच्या नोकऱ्या गेल्या! दर वर्षी लग्नाच्या दिवशी चित्स्के त्या अनोळखी माणसांसाठी एक मेणबत्ती लावायची.

"एवढं भांडून त्यांनी आपल्याला मिळवून दिलं," ती आता म्हणाली, "आणि आपण ते कपाटात घालून वर कुलूप लावलंय. टोकाची खोली अजून रिकामी आहे, आफ्के."

टोकाच्या खोलीला दोन खिडक्या होत्या, दोन्हींतून बंधाऱ्यावर चरणाऱ्या मेंढ्या दिसायच्या. खोली फक्त लग्नाच्या जोडप्याला मिळायची, आणि जोडपं कसलं, हे विचारायचा हक्क कायद्यानं कुणाला ठेवला नव्हता. पण मागायची रहिवाशांच्या समितीकडे, आणि समितीची अध्यक्ष हिल्त्ये. बाहेरची दोन जोडपी खोली बघून गेली. हिल्त्येनं दोन्ही नापास केली. एकीचा नवरा घोरतो म्हणे, आणि दुसरीचं नाक वर.

"त्या कैदाशिणीपुढे जाऊन हात पसरू?"

"ईस्टरला मी न्हाणीघरात पडले, ती उजाडेपर्यंत फरशीवर होते. तू वरच्या मजल्यावर झोपलेली. पुढच्या वेळी..."

"पुढची वेळ येणार नाही."

"मग सांग उद्या. नाहीतर उद्याही रांग लावून सगळे तुला म्हणतील, 'मावसबहिणीबद्दल अभिनंदन.' अगं, आयुष्य गेलं तुझ्याबरोबर. एका तरी वाढदिवसाला तुझं खरं अभिनंदन होऊ दे."

वाढदिवस एकाचा आणि अभिनंदन सगळ्या गोतावळ्याचं, अशी तिथली रीत. शूर्डच्या वाढदिवसाला त्याच्या मुलाचं झालं, सुनेचं झालं, आणि सुनेनं आणलेल्या कुत्र्याचाही पंजा सगळ्यांनी हलवला होता.

दुसऱ्या दिवशी गोल भरला. कॉफी आली, सफरचंदाचा केक आला. आफ्केनं गळ्यातल्या साखळीतली अंगठी काढून बोटात घातली होती आणि तो हात मांडीखाली दाबून ती बसली होती. समोर हिल्त्ये, बाजूला काठी, मांडीवर बशी.

चित्स्केनं आफ्केकडे पाहिलं.

आफ्के उठली.

"मला एक सांगायचंय. चित्स्के माझी मावसबहीण नाही. माझी बायको आहे. खूप वर्षं झाली."

चमचे थांबले. शूर्डचा घास गालातच राहिला.

हिल्त्येनं मांडीवरची बशी उचलली आणि उभी राहिली. मग तिच्या शेजारणीनं बशी उचलली. मग शूर्डनं. एकामागून एक सगळी खोली बशा घेऊन उठली.

आफ्केनं डोळे मिटून घेतले. पुन्हा तेच. तिला फक्त चित्स्केचा हात सापडला, तो तिनं घट्ट धरला.

काठी वाजली नाही. पण कुणीतरी अगदी जवळ येऊन श्वास घेत होतं.

"डोळे उघड. आणि ही जरा धर. खाली ठेवली, तर शूर्ड टपलेलाच आहे." आफ्केच्या हातात केकची बशी आली. हिल्त्येनं चित्स्केच्या गालांचे तीन मुके घेतले, मग आफ्केचे तीन. "अभिनंदन, आफ्के. बायकोच्या वाढदिवसाबद्दल."

तिच्यामागे रांग लागली होती. डाव्या हातात बशी, उजवा हात पुढे.

हिल्त्येनं स्वेटरच्या खिशातून एक किल्ली काढली आणि आफ्केच्या बशीत, केकच्या शेजारी ठेवली.

"घे. ईस्टरपासून खोली अडवून ठेवलीय तुमच्यासाठी. तुमच्या दाराशी येताना काठी आपटून आपटून मनगट गेलं माझं. आता आतून कडी लावत जा."