साखळीचं माप

"शिडी नीट धर," वरून ग्यानोबा म्हणाला.

"धरलीय. पडलास तरी मला काय?" खालून नागम्मा म्हणाली. "तुझ्या भावानं माझा माणूस खाल्ला."

ग्यानोबानं छताच्या लोखंडी पाइपला साखळी घातली आणि गॅसचा हीटर टांगला. असे बारा टांगायचे होते. उद्या सकाळी उदगीरजवळच्या या शेडमध्ये कोंबड्यांची सहा हजार पिल्लं उतरणार होती, आणि डिसेंबरची थंडी एका दिवसाच्या पिल्लाला सोसत नाही.

चार वर्षांपूर्वी याच शेडला आग लागली होती. हीटरखालचा भुसा पेटला आणि आत झोपलेला राखणदार मलप्पा, नागम्माचा नवरा, जळून मेला. ते हीटर रविकांतनं, ग्यानोबाच्या धाकट्या भावानं टांगले होते. शेडचा मालक सिद्रामप्पा यानं पोलिसांना सांगितलं, फिटरनंच ते गुडघ्याइतके खाली टांगले. राखेत सापडलेल्या साखळ्याही तेवढ्याच खालपर्यंत सोडलेल्या निघाल्या. खटला संपत आला होता. सोमवारी नागम्माची साक्ष होती. तिनं तोंड उघडलं की रविकांत आत जाणार, हे सगळं गाव जाणून होतं.

आगीनंतर या शेडमध्ये यायला एकही परवान्याचा फिटर तयार नव्हता. ग्यानोबा मात्र सिद्रामप्पाच्या एका फोनवर आला. शिडी धरायला कोण हवं, असं विचारल्यावर त्यानं तिथंच कामाला असलेल्या नागम्माचं नाव घेतलं.

"तिच्या हातात शिडी देतो?" सिद्रामप्पा हसला होता. "पाडील की रं तुला."

सकाळी लातूरहून निघताना त्याच्या बायकोनं, सरजाबाईनं, त्याची पिशवी धरून ठेवली होती. "मनात काय हाय तुमच्या? आग-बिग लावून येऊ नका."

"आग लागणार न्हाई," तो म्हणाला होता. "पण आज फेडून येतो."

त्यानं सिलिंडर शेडबाहेर, सावलीत उभे केले. नळ्या नव्या, मधे कुठंही जोड नाही. टोकांच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून तो बुडबुड्यांची वाट बघत बसला. सातव्या हीटरला एक बारीक बुडबुडा आला, तर सांधा खोलून पुन्हा आवळला.

फक्त उंची तेवढी वेगळी होती. हीटरसोबतच्या कागदावर भुशापासून चार फूट असं छापलेलं होतं. ग्यानोबानं साखळी वर ओढून सहा फुटांवर अडकवली. बाराही तशाच.

मग त्यानं हीटर पेटवले. नागम्मानं वाकून भुशावर तळहात धरला.

"खाली ऊबच न्हाई."

"ठाऊक हाय."

"पिल्लं मरतील की."

"तू शिडी धर."

नागम्मा कडवट हसली. "भाऊ जाळून मारतो, तू गारठवून मार. चांगलं खानदान हाय."

तेवढ्यात जेवण करून सिद्रामप्पा आला. वर बघताच त्याचं डोकं फिरलं.

"आरं, छताला शेकून राहिला का? घे खाली!"

"खाली घेतलं तर भुसा पेटतो, मालक."

"मला शिकवतो? तीस वर्सं कोंबड्या पाळून राहिलो मी. तुझा भाऊबी असाच शहाणा. चार फुटांवर टांगून गेला. निस्ता गॅस जळायचा, पिल्लं थंडीनं एकावर एक चढायची. त्याची पाठ फिरली की मीच या हातानं सगळे गुडघ्यापर्यंत आणले. तवा कुठं पिल्लं..."

तो मधेच थांबला.

नागम्मानं शिडी सोडली होती.

"कुणी आणले, मालक?"

सिद्रामप्पानं ग्यानोबाकडे बघितलं, मग दाराकडे.

नागम्मा ग्यानोबाकडे वळली. "कागदावर किती लिवलंय?"

"चार फूट."

"मग तुमी सहावर का टांगले?"

ग्यानोबानं गॅस बंद केला, पहिली साखळी सोडली, आणि टेप लावून हीटर बरोबर दोन फूट खाली घेतला.

"मालकानं तुझ्यासमोर बोलावं म्हणून," तो म्हणाला.