अजबबंगल्यातला वाघ

देवळगावला गाडीतून उतरून बायजाबाई नवेगाव बांधापर्यंत पायीच आली. तळ्याकाठचा अजबबंगला उघडा दिसला, तेव्हा तिच्या पायांत उभं राहायचंही त्राण नव्हतं. ती पायरीवरच बसली.

मालगुजारी, म्हणजे गावांची जमीनदारी, गेली तेव्हा इथल्या मालकानं शिकारीचं सगळं सामान लोकांना पाहायला ठेवून दिलं होतं. चितळांची शिंगं, गंजलेल्या बंदुका, मासे धरणाऱ्या ढिवरांचा एक जुना डोंगा आणि मधल्या खोलीत पेंढा भरलेला वाघ. त्या वाघासाठीच ती सालेकशाहून आली होती.

सालेकशाच्या जंगलात तिच्या नवऱ्याला वाघानं नेलं, त्याला कैक वर्षं झाली. फाटकं धोतर सापडलं, देह सापडलाच नाही. मग शिकारी आले, वाघ मारला गेला आणि पेंढा भरून या बंगल्यात आला. बायजाबाईनं कुंकू पुसलं आणि लहानग्या लीलाला पाठीशी बांधून लोकांच्या भाताच्या बांध्यांत रोवणी केली, तेंदूपत्ता तोडला, मोहफुलं वेचली. आता लीलाचं लग्न ठरलं होतं. एकदा कुठंतरी आडवं व्हावं आणि उठूच नये, एवढंच बायजाबाईला वाटत होतं.

अशात बैलांचा व्यापारी बकाराम पहिल्यांदाच गावात आला. नवेगावच्या अजबबंगल्याचा राखणदार तुमच्या घरधन्याची कथा अशी सांगतो, जशी काही डोळ्यांनी पाहिली, असं तिच्या नवऱ्याचं नाव ऐकताच तो सहज बोलून गेला. ती कथा आपल्या कानांनी ऐकायचीच, असं तिनं ठरवलं.

राखणदार दाढी वाढलेला, पाठीत वाकलेला माणूस होता. त्यानं तिच्याकडे धड पाहिलंही नाही. रोज तेच ते सांगून त्याचा आवाजही थकला होता. वाघाच्या पाठीवरची धूळ फडक्यानं झटकत तो सांगू लागला.

"उदेभान नाव त्याचं. सकाळी घरून भांडून निघाला. चुलीवर भात होता, जेवला नाई."

बायजाबाईनं पदर कपाळावर ओढला. तो भात तिनं सांजेला कुत्र्याला घातला होता आणि कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढं त्यानं सगळं सांगितलं. नाल्याजवळची वाट, वाळलेला पाला, झुडपातून आलेला वाघ. तो पळाला काऊन नाही, असं तिनं हळूच विचारलं.

"थकला होता, बाई," राखणदार म्हणाला. "रोज जंगल, रोज घर. थकलेला मानूस पळून पळून कुठं जाईल?"

बाहेर तळ्यावर ढिवर जाळं ओढत होते. त्यांच्या हाका आत येत होत्या. राखणदार पुढं म्हणाला, "मागं लहानशी पोरगी होती म्हनतात. जगली का मेली, देव जाने."

"जगली," बायजाबाई म्हणाली.

त्याचा हात वाघाच्या पाठीवरच थांबला. तो वळला नाही.

बायजाबाईनं डोईवरचा पदर मागं सारला. तिला राग आला नाही, रडूही आलं नाही.

"तिचं लगन ठरलं," ती म्हणाली. "वाघ राहू द्या आता, लीलाचे बाप. घरी चाला."