तिसरी टाकी

तिन्ही टाक्यांतले मासे ठणठणीत बरे झालेले पाहून डॉक्टरबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

बरे व्हायला हरकत नव्हती, पण तिन्ही? पहिल्या टाकीच्या दाण्यात नेहमीचं अँटिबायोटिक होतं. दुसरीच्या दाण्यात बाईंनी प्रयोगशाळेतून आणलेलं नवं औषध. तिसरीत नुसता दाणा, औषधाचा कणही नाही. तिथले मासे खंगणार हे धरूनच चाललेलं होतं. तुलनेला काहीतरी लागतंच. आणि आता तिसरीतलेच सगळ्यांत जोरात उड्या मारत होते. एकाने तर बाईंच्या चष्म्यावर शेपटीने पाणी उडवलं, आणि खोटं वाटेल, पण मुद्दाम उडवलं.

"चांगलंच झालं की," तळेवाला म्हणाला. "तुमचं तोंड का उतरलं?"

"कशाने बरे झाले, ते मला कळायला नको?"

कळायला हवंच होतं. मागच्या मोठ्या तळ्यात थोरली आजारी होती. थोरली म्हणजे अंडी देणारी मादी. तिने कूस बदलली की काठावरच्या चपला भिजत, आणि तिची पोरंबाळं मोजायला बसलं तर मोजणाऱ्याची दाढी पिकावी. या घराचं सगळं मत्स्यबीज तिच्या पोटचं. आता त्याच पोटावर लाल चट्टे उठले होते, शेपटी कुरतडल्यासारखी झाली होती आणि खाणं सुटत चाललं होतं. आज एखादा घास घेईल, उद्याचा भरवसा नाही. त्या एका घासात कोणतं औषध घालायचं, ते टाक्यांनी सांगायचं होतं.

टाक्या तर तिन्ही मिळून हो म्हणत होत्या.

"खरं सांगा," बाई म्हणाल्या. "कोणी काय केलं?"

तळेवाल्याने डोकं खाजवलं. "मी काही नाही. म्हणजे, तिसरीत जरासं ते नेहमीचं जुनं औषध टाकलं. बिनऔषधाचं मारायचं म्हणजे बरं दिसत नाही हो."

"अहो, तिसरीत तर मी नवं टाकत होते," त्याची बायको म्हणाली. "चिमूटभरच. आणि दुसरीत जुनं. नव्यावर एकट्यावर विसंबायचं कसं?"

"म्हणजे दुसरीत दोन्ही?"

"आणि तिसरीतही दोन्ही," तळेवाला म्हणाला. एवढं तरी जुळलं म्हणून त्याला बरं वाटलं.

"पहिली तरी जशीच्या तशी आहे ना?" बाईंनी विचारलं.

नवरा-बायको दोघंही आप्पांकडे बघू लागले. आप्पा म्हणजे तळेवाल्याचे वडील. ते पहिल्याच टाकीच्या कठड्यावर पाय हलवत बसले होते.

"दाण्याला मी बोट लावलं नाही," आप्पा म्हणाले. "मासे तेवढे या जाळीने इकडचे तिकडे केले. पहिलीतले फार मरगळले होते. दुसरीतले थोडे तरतरीत बघून त्यांच्यात सोडले, सोबतीला. आणि पहिलीतले काही दुसरीत, हवापालटाला."

"मामंजी, कोणते कुठे सोडले ते आठवतं का?"

"तोंडं सगळ्यांची सारखीच गं. तुझ्या माहेरच्यांसारखी."

बाई उलट्या बादलीवर बसल्या. "आप्पा, जुन्या औषधाला हे जंतू आता भीक घालत नाहीत, म्हणून तर हा सगळा खटाटोप. माशाच्या अंगावर बुळबुळ असते ना, तिच्यात प्रथिनांचे बारीक तुकडे असतात, पेप्टाइड म्हणतात त्यांना. ते थेट जंतूच्या सालीलाच भोकं पाडतात. नवं औषध त्यावरून बनवलंय. त्याची जंतूंना इतक्यात सवय होणार नाही, असा अंदाज आहे."

"अंदाज," आप्पा म्हणाले.

"तो खरा की खोटा, हे बघायलाच टाक्या होत्या."

"बाई," तळेवाल्याची बायको हळूच म्हणाली, "तुम्ही नाही ना काही केलं?"

बाई चष्मा पुसू लागल्या. तो कोरडा झाला तरी पुसतच राहिल्या.

"तिसरीतला एक आडवा पडून माझ्याकडे बघत होता," त्या म्हणाल्या. "त्याला नवं दिलं. थोडंसंच."

आप्पा तेवढे हसले.

"मग थोरलीलाही दोन्ही देऊन टाका," तळेवाला म्हणाला.

"जुनं कडू आहे. एवढ्या आजारात ती कडू घास थुंकून टाकेल, आणि हातची वेळ जाईल." बाई उठल्या. "फक्त नवं. पुढे ती घास गिळते की थुंकते, तेवढं बघायचं. गिळला तर उद्या पुन्हा देता येईल. आणि कोणी, कोणीही, त्यात काही मिसळायचं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. विश्वास मात्र कोणाचाच कोणावर उरला नव्हता.

नव्या औषधाच्या उरल्यासुरल्या पुडीतली अर्धी पिठात मळून बाईंनी गोळा केला. मोठ्या तळ्याला चार काठ, आणि ही चार माणसं; एकेकाने एकेक काठ धरला. बाईंनी गोळा मधोमध टाकला.

"अगं, मुठीत काय आहे?" तळेवाल्याने पलीकडे ओरडून विचारलं.

"काही नाही. तुमचा खिसा का फुगलाय?"

"रुमाल आहे."

बायको नवऱ्याच्या खिशाकडे बघत होती आणि नवरा तिच्या मुठीकडे. आप्पांची नजर बाईंच्या पिशवीवर होती, बाईंची आप्पांच्या जाळीवर.

तळ्याच्या मध्यभागी पाणी फुगलं. ताटाएवढं तोंड उघडलं, मिटलं, आणि खाली गेलं. लाटा चारही काठांना येऊन लागल्या. चौघांच्याही चपला भिजल्या.

"गिळला?" तळेवाल्याने विचारलं.

चौघंही एकमेकांकडे बघत राहिले.