बिनआवाजाची मुलाखत

टीव्हीवर प्रभाकरराव बोलत होते, आणि आवाज म्हणून नव्हता.

"अहो, आवाज!" विनोदिनीबाई ओरडल्या. त्यांचा नवरा शहराच्या हिंदी केबल चॅनलवर झळकत होता. राम घाटाच्या पायऱ्या, मागे शिप्रा नदी, हातात भाजीची पिशवी. खरे प्रभाकरराव कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसले होते. "असेल काही बिघाड," ते म्हणाले.

त्यांच्या मुलाने, सौमित्रने, टीव्हीचा रिमोट दाबून आवाज शंभरावर नेला. शंभरावरही शुकशुकाट. मग टीव्ही वळवून लाल आणि पांढरी पिन काढली, फुंकर मारली, परत खोचली. काही नाही.

"पिना ठीक आहेत. सेट-टॉप बॉक्सचा आवाज कोणीतरी शून्य केलाय. बॉक्सचा रिमोट कुठंय?"

बॉक्सचा रिमोट नव्हता. गाद्या उलटल्या, फ्रिजवर बघितलं, बाळाच्या झबल्यांत हात घातला. नव्हताच. बॉक्सवरची बटणं तर केव्हाच आत गेलेली.

निहारिका, त्यांची सून, पाच महिन्यांच्या अपूर्वाला कडेवर घेऊन खाटेखाली वाकत होती. सासऱ्यांच्या तोंडून तिला ऐकायचं होतं ते वेगळंच. सोमवारी तिची रजा संपत होती. शाळेत परत जायचं तर दिवसा बाळाला कोण बघणार? सौमित्र देवासला नोकरीला. आईंच्या शिवणाच्या शिकवण्या. उरले बाबा. सोमवारचा विषय निघाला की ते "बघू" म्हणायचे आणि पेपर उघडायचे. बाळाचा लंगोट बदलायची वेळ आली की उठून गच्चीवर निघून जायचे. यापेक्षा स्पष्ट नकार कोण देणार?

"बाबा, घाटावर चॅनलवाल्यांनी विचारलं तरी काय?" निहारिकाने विचारलं.

"रिटायर लोक दिवसभर काय करतात. दुसरं काय विचारणार?"

"ते मला विचारा ना!" विनोदिनीबाई टीव्हीशेजारी उभ्या राहिल्या आणि पडद्यावरच्या ओठांत आपला आवाज घालू लागल्या. "मैं पंखे के नीचे बैठता हूँ और हुकुम छोड़ता हूँ!"

"और पोहे में सेव कम हो, तो चार दिन मुँह फुलाता हूँ!" सौमित्रने पुढचं वाक्य पकडलं.

निहारिकाला हसू आवरेना. ती हसली की कडेवरची अपूर्वा गदगदा हलायची, आणि हललं की अपूर्वाही खिदळायची. तेवढ्यात पडद्यावरच्या प्रभाकररावांनी पिशवी खाली ठेवली. हवेतच काहीतरी पसरलं, टोकाला टोक जुळवलं, चिमटीत धरलं.

"समोसा!" सौमित्र ओरडला.

"करंजी! अहो, तुम्ही आणि करंजी? जन्मात लाटणं धरलंत का कधी?"

खुर्चीतल्या प्रभाकररावांचे कान लाल झाले. "बंद करा ते! आवाज नाही, तर काय बघता?" पण बंद करायला ते स्वतः काही उठले नाहीत.

"वाळत घातलेल्या कपड्यांत तर गेला नसेल?" असं म्हणत निहारिकाने गॅलरीचं दार उघडलं.

आणि प्रभाकररावांचा आवाज घरात आला.

शेजारच्या चौबेजींच्या टीव्हीतून. पाठोपाठ समोरच्या घरातून. मग खालूनही. विनोदिनीबाईंनी सकाळपासून अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

"दार लाव!" प्रभाकरराव ताडकन उठले. खुर्चीवर, ते बसले होते तिथेच, बॉक्सचा रिमोट होता. सगळ्यांना दिसला. उचलला कोणीच नाही. दारही कोणी लावलं नाही.

"…तो सोमवार से बहू अपने स्कूल जाएगी," गल्लीभर आवाज घुमत होता, "और पोती मेरे जिम्मे। लंगोट बाँधना सीख लिया है। रोज छत पर जाकर तकिये को बाँधता हूँ।"

पडद्यावरची माइक धरलेली मुलगी हसत सुटली. "तब तो बहू बड़ी खुश होगी, दादाजी?"

पडद्यावरच्या प्रभाकररावांनी डावीउजवीकडे बघून घेतलं आणि माइक जवळ ओढला.

"उससे अभी पूछा नहीं है। मना कर देगी तो?"